कल्बुबू आपांची पगडी

आमच्या कोचकोर गावात लग्नाचे फोटो तिनिबेक काढतो, आणि माणूस गेला की त्याचा चेहरा थडग्याच्या काळ्या दगडावर मी टोचतो. तिनिबेक गडी सरळ, पण एक टोमणा त्याला फार झोंबायचा. "काय रे, नवरीच्या डोक्यावर दह्याचं भांडं पालथं घातलं होतंस का?" त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात पांढरं म्हणून जे असेल ते सगळं उडून जायचं. घडी दिसायची नाही की जाळी.

म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याने बिश्केकहून नवा कॅमेरा आणला. त्यात पांढऱ्यातला बारकावा राखायची सोय होती, एक ते पाच आकड्यांची. ती तपासायला भर उन्हात पांढरंशुभ्र काहीतरी हवं होतं, आणि नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या कल्बुबू आपा दारात येऊन उभ्या राहिल्या. वय ब्याऐंशी. डोक्याला एलेचेक, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या बांधतात ती पांढऱ्या कापडाची भलीमोठी पगडी.

"बाळा, माझा एक फोटो काढ. दगडासाठी."

"काहीतरीच काय, आपा! शंभरी गाठायचीय अजून."

"गाठीन रे. पण तोंड नीट घे. हे कापड माझं कफन व्हायचंय, ते माझ्याबरोबर जाईल. मागे राहील ते तोंडच."

तिनिबेकने मान डोलावली आणि त्यांना अंगणात बर्फाजवळ बसवलं. पहिले तीन फोटो त्याने ती सोय न लावता घेतले. त्यात आपा हसत होत्या आणि चेहरा लख्ख आला होता, पण पगडी उडाली होती. "बिघडले," म्हणत त्याने ते तिथल्या तिथे पुसून टाकले. मग एक, दोन करत तो पाचावर गेला. आकडा वाढेल तसा कॅमेरा सगळंच गडद करत होता. पगडीची घडीन् घडी उमटू लागली आणि चेहरा काळवंडत गेला. तास झाला. उन्हाने आपांचे डोळे बारीक झाले, कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, माझ्याकडे बघतोयस की कापडाकडे?"

"झालंच, आपा. चेहरा पुढच्या आठवड्यात निवांत काढू."

पुढच्या आठवड्यात आपांना त्याच कापडात गुंडाळून नेलं.

माणूस जाऊन वर्ष झालं की जेवण घालतात, त्याआधी आमच्याकडे दगड उभा करतात. आपांच्या लेकीने, झूराने, फोटो मागितला तेव्हा तिनिबेक तो पाच आकड्यावरचा घेऊन माझ्याकडे आला.

"दुसरा नाही का?" मी विचारलं.

"तीन होते. मीच पुसले." आणि उभ्याउभ्या त्याने मला सगळं सांगितलं.

"डोळे फुटले होते का तुझे?" मी ओरडलो.

खरं तर शहाणपण शिकवायचा अधिकार मलाही नाही. काळ्या दगडावर जे उजळ असेल तेवढंच टोचायचं असतं, गडद भाग तसाच राहतो. पगडीच्या घड्या टोचताना माझा हात असा रंगला की चेहऱ्याला फारसं काही आलंच नाही, हे दगड धुतल्यावर मला दिसलं. तेव्हाही मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

दगड उभा राहिला त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. "वा रे तिनिबेक! एकेक घडी मोजून घ्यावी!" आयुष्यभर हेच ऐकायला आसुसलेला माणूस मान खाली घालून उभा होता.

झूराने दगडातल्या आईच्या कपाळावरून हात फिरवला. "आई त्या दिवशी चिडली होती का रे?"

ऊन होतं म्हण, मी मनात म्हणत होतो. ऊन म्हण आणि सुट.

"नाही गं, ताई," तिनिबेक म्हणाला. "हसत होत्या. ते मी पुसून टाकलं."