गुलाब मिस्त्रींचा गुण्या

तयार कपाटावर उकळतं पाणी ओतणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

गुलाब मिस्त्री. आज त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

गोष्ट बासष्ट-त्रेसष्टची. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून मी जठारपेठेत फर्निचरचं दुकान टाकलं. दुकान कसलं! पुढे मी आणि एक टेबल, मागे टिनाच्या शेडमध्ये मिस्त्री.

जिनिंगचा मॅनेजर म्हणालाच होता, "येशीन वापस दोन मह्यन्यात."

पहिली मोठी ऑर्डर अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेची. लायब्ररीसाठी सागवानी चार कपाटं. ही फसली की मी परत अकोटला, एवढं पक्कं होतं.

मिस्त्रींचा एक नेम होता. दर सोमवारी, कामाआधी, गुण्या तपासायचा. काटकोन पाहायचं त्यांचं पितळी कडेचं हत्यार. फळीच्या सरळ काठाला टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून तिथंच दुसरी.

दोन्ही रेघा एक झाल्या की मगच चहा.

ऑर्डर पुरी होत आली त्या सोमवारी मागून कपबशीचा आवाज आलाच नाही.

जाऊन पाहिलं. वरच्या टोकाला रेघा फाकल्या होत्या. अर्धं सूत. तांदळाच्या दाण्याएवढी फट.

कारण मला माहीत होतं. आधीच्या मंगळवारी मिस्त्री जेवायला गेले असताना माझाच धक्का लागून गुण्या फरशीवर पडला होता. उचलला, पुसला, खिळ्याला अडकवला.

आणि गप्प बसलो.

त्यानंतरच्या सहा दिवसांत शेवटची दोन कपाटं झाली होती. मिस्त्रींनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी सुतळी लावली. एकीकडून लांब, दुसरीकडून आखूड.

"पन मिस्त्री, दार तं मस्त लागून राहिलं!"

"लागनच. चौकट अन् दार, दोघंबी त्याच गुन्यानं केले. सारखेच वाकडे."

"परवा ट्रक येते. कोन पाह्यते हो एवढं?"

"चारी कपाटं एका लायनीत उभे राह्यतीन. दोन सरळ, दोन वाकडे. पोरी रोज पाह्यतीन, भाऊ."

आणि त्यांनी गुण्या ठोकून काटकोनात आणला, चुलीवर पाणी ठेवलं. सांध्यात उकळतं पाणी गेलं की चिकटवलेला सरस सुटतो. संध्याकाळपर्यंत दोन्ही कपाटांच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या.

मी एसटीनं अमरावतीला. शाळेच्या मोठ्या बाईंसमोर उभा राहिलो, आठ दिवस मागितले.

"किती वाकडी झालीत?"

मी चिमटीत दाखवलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या बोटांकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी तोडली?"

"मिस्त्रींनी तोडली, बाई."

"मग दहा दिवस घ्या."

परत आलो तो थेट शेडमध्ये.

"मिस्त्री, गुन्या माह्या हातून पडला होता."

रंधा थांबला नाही. "मालूम हाय. फरशीवर पितळेचा वरखडा हाय ना."

"मंग बोल्ले काऊन नाही?"

"काय बोलू? पाडला तुमी. पन न तपासता सहा दिवस वापरला कोनं?"

दुसऱ्या दिवसापासून सोमवारचा नेम संपला.

रोज सकाळी तपासायचे. लग्नसराईच्या गर्दीत, तापात, पुढे हात थरथरायला लागले तेव्हाही. तीस-बत्तीस वर्षं. रेघा परत कधीच फाकल्या नाहीत. तरी रोज.

धक्का माझा होता. शिक्षा त्यांनी स्वतःला दिली, आणि मी मालक म्हणून रोज समोर उभा राहून ती बघत होतो.

मिस्त्री, तुमच्या या मालकाचा नमस्कार घ्या.