बंद दाराआडची चांगली हवा

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गावात चिमणीची काजळी पडते. अंगणात, वाळवणावर, धुतलेल्या साड्यांवर. मला दमा. हंगामभर भिंतीला टेकून बसूनच झोपायचं. माजलगावच्या डॉक्टरनं सांगितल्यावर पोरानं पुण्याहून हवा साफ करायचं मशीन धाडलं आणि फोनवर बजावलं, "आई, दार-खिडकी लावूनच बसायचं."

खोटं कावून बोलू? पहिल्याच रात्री मी आडवी झोपले. सकाळी छातीत शिट्टी न्हाई, काही न्हाई. रडूच आलं मला.

पण दिवसाढवळ्या दार लावायची आमच्याकडं रीत हाय का? दार लागलं म्हणजे घरात भांडण, न्हाईतर मयत. शेजारणी दार वाजवून विचारायच्या, "काय झालं वो?" काय सांगू, कप्पाळ! पुढं त्या यायच्याच बंद झाल्या. विजेचं बिल वाढलं, मशीनची आतली जाळी बदलायची म्हणजे लई महाग. अन् मी? वीज गेली की दार उघडायला मिळायचं, म्हणून वीज जायची वाट बघायची!

लक्ष्मीपूजनाला आमच्या मालकांनी मशीनला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. घरात आलेली नवी वस्तू म्हणजे लक्ष्मीच. इथवर ठीक. पण पुढ्यात उदबत्त्यांचा जुडगा पेटवला, वर धूप! मशीनवरचा दिवा लाल झाला, ते घोंघावायला लागलं अन् माझा श्वास अडकला.

"अहो, लक्ष्मीला ओवाळताय का मला पोचवताय?" मी कशीबशी ओरडले.

ते त्यांनी लई मनाला लावून घेतलं. मालक कारखान्यात बॉयलरवर कामाला, अंगाला कायम धुराचा वास. त्या दिवसापासून अंघोळ करूनसुद्धा खोलीत येईनात. खाट पडवीत टाकली. धुरामुळं मला चुलीपाशी फिरकू देईनात; भाकरी स्वतःच थापायचे, जाड, कडेनं करपलेली. ताट आत सरकवायचे अन् झटकन दार ओढून घ्यायचे. नवऱ्याचं तोंड बघायची चोरी झाली मला.

पौषात एका पहाटे पडवीतून खोकला ऐकू आला. त्यामागं शिट्टी. ती मला ओळखू येणार न्हाई तर कुणाला?

"आत या तुमी," मी दाराशी जाऊन म्हणाले. "एवढी हवा मला एकटीला सरणार हाय का?"

"उघडू नको, काजळी लई पडायलीय," बाहेरून आवाज आला.

मी दोन्ही हातांनी दार ओढलं. हलेना. ते बाहेरून कडी धरून बसले होते, खोकत.