पहिला आकडा खाणारी मशीन

कुठलीही मशीन उघडण्याआधी मॅडम तिला उलटा हात लावून पाहायच्या. लेकराला ताप आहे का, हे आई बघते तसा. मग जरा वाकून विचारायच्या, “कुटं दुखायलंय बाई?”

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं. साठी ओलांडलेली बाई, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला निळी नायलॉनची पिशवी, आणि समोर माझी रक्त तपासायची मशीन. पण हात लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पंखा बंद हाय आतला. लय तापलीय.” तो पंखा कधीचा बंद होता कोण जाणे, मला त्याचा पत्ता नव्हता. मी हसू गिळलं.

सोनपेठला माझी छोटी लॅब आहे. शेजारी एका डॉक्टरांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी. मशीन मी जुनी विकत घेतली होती. तिचा स्वतःचा पडदा कधीच गेलेला, त्यामुळे ती काय मोजते ते कॉम्प्युटरवरच दिसायचं. दोघांच्या मध्ये एक जाड वायर होती. त्या वायरीतून मशीन एकेक आकडा थोडं थांबत, एकामागून एक अक्षर असा पाठवायची. हे सुरळीत चाललं होतं. मग कधीतरी पहिला आकडा गायब व्हायला लागला. रोज नाही, प्रत्येक वेळी नाही. मधूनच.

आता पहिला आकडा गेला तर काय होतं ते बघा. आमच्या गावातल्या एका पैलवानाचं हिमोग्लोबिन १४.६. कागदावर आलं ४.६. त्यानं कागद वाचला, दंडाकडे पाहिलं, परत कागद वाचला आणि बाकड्यावर आडवाच झाला. त्याला उठवायला चार माणसं लागली. एका शिक्षकाच्या पेशी दोन लाख चाळीस हजार होत्या, कागदावर चाळीस हजार आल्या. घरच्यांनी डेंगू ठरवून त्यांना तीन दिवस पपईच्या पानांचा रस पाजला. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले ते भांडायला. पण तोंड इतकं कडू झालं होतं की त्यांना नीट भांडताही येईना.

मशीनवाल्या कंपनीचा माणूस म्हणाला, दोष कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, दोष मशीनचा. शेवटी एक जण म्हणाला, “वायर जिथं लागते त्या पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये गडबड आहे.” हे टपरीवाल्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुमचा ड्रायव्हर पिऊन यायलाय का? माझा मेव्हणा हाय, सुपारीचं सुद्धा व्यसन न्हाई त्याला. पाठवू का?”

मग डॉक्टरांनी मॅडमचं नाव सुचवलं. तीस वर्षं एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला पिंगळीला. मी फोन केला. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “आधी बगू, मग बोलू.” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वायरीचा रंग विचारला तरी हेच.

दुसऱ्या दिवशी त्या रेल्वेनं गंगाखेडला आणि तिथून एसटीनं सोनपेठला आल्या. पिशवीत मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान, एक जुना लॅपटॉप, दोनशे पानी वही, आणि धपाटे. धपाटे आमच्यासाठीही होते, कारण “उपाशी माणसाला बिघाड सापडत न्हाई.”

त्यांच्या बोलण्यात मशीन बाई होती आणि कॉम्प्युटर बाबा. पहिला दिवस त्यांनी दोघांमधलं भांडण ऐकण्यात घालवला. म्हणजे खरोखर ऐकण्यात. त्या वायरीला मध्येच एक फाटा काढून त्यांनी आपला लॅपटॉप जोडला. मशीन जे बोलेल ते आता दोघं ऐकणार होते. दुपारपर्यंत मी नमुने लावत राहिलो. आमच्या कॉम्प्युटरवर मधूनच आकडा तुटका यायचा, त्यांच्या लॅपटॉपवर प्रत्येक वेळी पूर्ण.

“बाई बोलायलीय बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “बाबाच पहिला शब्द ऐकंना.”

“म्हणजे घरोघरी आहे तेच,” डॉक्टर दारातून म्हणाले.

“ते तुमच्या मंडळींना विचारून सांगते,” मॅडम म्हणाल्या. डॉक्टर आपल्या दवाखान्यात निघून गेले.

वायर जिथं लागते ते बाबाच्या पोटातलं पोर्टचं कार्ड बदलावं, तर तसं कार्ड आता बनत नव्हतं. बाहेरून दुसरा पोर्ट जोडून पाहिला, तर सॉफ्टवेअर त्याला ओळख दाखवेना. तेव्हा दुखणं सोबत घेऊनच वाट काढायची होती. मॅडम वही घेऊन बसल्या.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना अजून मान खाली जाते.

इतक्या महिन्यांत मी माझ्यापुरता एक उपाय काढला होता. हिमोग्लोबिन चार-पाचच्या घरात आलं की समजायचं, पुढचा एक गेलाय, आणि पेननं पुढे एक लिहायचा. ४.६ चं १४.६. पैलवानाचं तसंच निघालं होतं, आणखी पाच-सात जणांचं तसंच निघालं होतं. परत तपासायला औषध जातं, वेळ जातो, बाहेर माणसं ताटकळतात. हात इतका सरावला होता की आकडा दिसताच एक आपोआप लिहिला जायचा.

मॅडम आल्याच्या दुसऱ्या दिवशी एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेला सातवा महिना. सासू बडबडी, सून गप्प. मी रक्त घेतलं, मशीनला लावलं. पडद्यावर आलं ४.८. मी कागद काढला, पेन उचललं.

“थांबा भाऊ,” मॅडम म्हणाल्या. त्या कोपऱ्यात स्टुलावर वहीत काहीतरी लिहीत होत्या. “काय करायलाव?”

“एक राहिलाय मॅडम, तो लिहितोय.”

“तुमाला कसं कळलं, राहिलाय म्हणून?”

“नेहमीच राहतो.”

“नेहमी न्हाई राहत. मधूनच राहतो. म्हणून तर मी इथं बसलेय.” त्या उठल्या आणि त्या सुनेपाशी गेल्या. “पोरी, तीन पायऱ्या चढून आलीस, अजून दम लागायलाय का?”

सुनेनं मान हलवली. सासू म्हणाली, “नाजूकच हाय हो ती. खाती बक्कळ, पर अंगाला लागत न्हाई.”

मॅडमनी सुनेचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मला मशीनची गरज उरली नाही. तो हात पिठासारखा पांढरा होता. मी दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढतो, या बाईच्या दंडातूनही आत्ताच काढलं होतं, आणि मी तिचा हात पाहिलाच नव्हता.

कपाटात जुनी काचेची नळी होती. तिच्यात रक्ताचा रंग डोळ्यांनी जुळवून हिमोग्लोबिन मोजतात. मशीन आल्यापासून मी ती काढली नव्हती. काढली, धुतली, मोजलं. पाचच्या खाली. मशीन खरं बोलली होती. त्या कागदावर मी एक लिहिला असता, तर कागद म्हणाला असता की ही बाई ठणठणीत आहे.

डॉक्टरांना हाक मारली. ते धावत आले आणि त्यांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. टपरीवाल्याचा मेव्हणा खरोखरच गाडी चालवत होता. त्याची जीप पाच मिनिटांत दारात आली. सासूची बडबड थांबली होती. गाडीत बसताना तिनं मॅडमना विचारलं, “वाचंल ना हो?” मॅडम म्हणाल्या, “रक्त दिलं की उभी राहील. तुमी फक्त वाटंत कुटं थांबू नका.”

जीप गेल्यावर मी खुर्चीवर बसलो. मॅडमनी माझ्या खिशातलं पेन काढून आपल्या पिशवीत टाकलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, मशीनीची चूक मला दुरुस्त करता येती. तुमी ती चूक पाठ केली. ती मी कशी दुरुस्त करू?”

मी उठून काचेची नळी परत धुतली. थोड्या वेळानं त्यांनीच धपाट्यांचा डबा पुढे सरकवला.

तिसऱ्या दिवशी त्यांना दुखणं सापडलं. ते आम्हाला समजावं म्हणून त्यांनी लॅबच्या दारात एक खुर्ची मांडली. टपरीवाल्याला तिच्यावर बसवलं.

“ही त्या कार्डावरची चिप. तिच्या दारात एकच खुर्ची. हे पहिलं अक्षर येऊन बसलं. आता डॉक्टरसाहेब, तुमी बेल. पाहुणा आला की बेल वाजवायची. भाऊ, तुमी ड्रायव्हर. बेल ऐकली की पाहुण्याला आत न्यायचं. बाहेर अजून कोण हाय? तुमी या, तुमी दुसरं अक्षर.”

दुसरं अक्षर म्हणजे तो पैलवान. तो निव्वळ काय चाललंय ते पाहायला थांबला होता. डॉक्टरांच्या हातात घंटा म्हणून स्टीलचा ट्रे आणि चमचा दिला होता, पण त्यांना त्याच वेळी फोन आला. ट्रे वाजलाच नाही. पैलवान आला, खुर्चीवर बसायचं एवढंच त्याला ठाऊक होतं, तो बसला. टपरीवाला खाली घरंगळला.

“बास!” मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. “हेच हुयालंय! जरा वेळ कुणी आलं न्हाई की ह्या चिपला डुलकी लागती. पहिल्या पाहुण्याला बेल वाजवायची ऱ्हाती. तवर दुसरा येऊन बसतो अन् पहिला गेला.”

“गेलाच होतो मी,” टपरीवाला कंबर चोळत म्हणाला.

चिप बदलता येत नव्हती, पण त्या कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट कसा चालवायचा हे सांगणाऱ्या सूचना, कुणालाही वाचता आणि बदलता येतील अशा खुल्या होत्या. मॅडमनी त्या वहीत उतरवून घेतल्या, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि बदलल्या. बेलची वाटच बघायची नाही. ड्रायव्हरनं स्वतः सेकंदाला काही हजार वेळा दारात जाऊन खुर्ची बघायची. कुणी बसलंय? चल आत.

“इतक्या वेळा?” मी म्हणालो. “दमणार नाही का तो?”

“बसूनच तर हाय दिवसभर. तेवढंच काम मिळालं.”

मग परीक्षा. आकडा मधूनच तुटत होता, त्यामुळे एक-दोनदा बरोबर आला म्हणजे दुखणं गेलं असं मॅडम मानायला तयार नव्हत्या. माझं रक्त घेतलं, डॉक्टरांचं घेतलं, स्वतःचं दिलं. टपरीवाल्याच्या एकाच नळीतलं रक्त त्यांनी अकरा वेळा लावलं. मध्ये कधी पाच मिनिटं थांबून, कधी अर्धा तास, म्हणजे चिपला डुलकी लागायला पुरेसा वेळ. दर वेळी १३.२. टपरीवाला दर वेळी आशेनं आत डोकवायचा, “आता किती?” आणि तोच आकडा ऐकून हिरमुसायचा. शेवटी म्हणाला, “एवढे धपाटे खाल्ले तरी वाढंना व्हय?”

सात दिवस त्या रोज येत होत्या. सातव्या दिवशी वही मिटली आणि मला म्हणाल्या, “आता पुढं काय लिहायची गरज न्हाई. पण चारच्या घरात आकडा आला तर?”

“आधी माणूस बघायचा. मग परत मोजायचं.”

“पास,” त्या म्हणाल्या आणि पेन परत दिलं.

ती सून वाचली. तिला मुलगी झाली. सासू पेढे घेऊन आली आणि “मशीनवाल्या बाईला” द्यायला वेगळा पुडा माझ्याकडे ठेवून गेली. तो घेऊन मी पिंगळीला गेलो. त्यानंतर जात राहिलो. काही बिघडलं म्हणून नव्हे. मॅडमच्या घरी एक लांब फळी होती. गावातल्या लोकांनी आणून दिलेले मिक्सर, पंखे, रेडिओ तिच्यावर ओळीनं बसलेले असायचे, दवाखान्यातल्या रोग्यांसारखे. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. एका मिक्सरच्या चिठ्ठीवर होतं, “फिरती, पण मनापासून न्हाई.”

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. दोन दिवसांचा ताप. बुद्धवंदनेला सारं गाव लोटलं होतं. आयटीआयचे जुने विद्यार्थी आले होते, त्यातले कितीतरी आता स्वतःच पिकल्या केसांचे. मी दाराजवळ बसलो होतो.

काही दिवसांनी मी परत गेलो, तेव्हा मॅडमची सून फळी रिकामी करत होती. लोक आपापली वस्तू घेऊन जात होते. कुणी मिक्सर उचलला, कुणी इस्त्री. चिठ्ठ्या तशाच लोंबत होत्या. एक म्हातारे बाबा आले, धोतराचा सोगा हातात. त्यांनी आपला रेडिओ ओळखला, दोन्ही हातांनी उचलला आणि कानाशी हलवून पाहिला.

“झाला का गं?”

“न्हाई बाबा. ऱ्हाऊनच गेला.”

बाबांनी सोग्यानं रेडिओवरची धूळ पुसली.

“मग असू दे इथंच,” ते म्हणाले. रेडिओ त्यांनी परत फळीवर ठेवला, चिठ्ठी दिसेल अशी सरळ केली, आणि चपला घालून गेले.