दीडकीची प्रार्थना

टॅक्सी खाली येऊन उभी होती, आणि बाबा म्हणाले, "दिवो लागू दे, मग निघ."

कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत आईने देवापुढे समई लावली. आम्ही भावंडं रोजच्या जागी बसलो. शुभंकरोति झालं आणि त्याच दमात पाढे सुरू झाले. आमच्याकडे परवचा अशीच असायची. श्लोक कुठे संपला नि पाढे कुठे सुरू झाले, बाहेरच्याला कळायचं नाही. शेवट दीडकीने, म्हणजे दीडच्या पाढ्याने. मी भराभर म्हणत सुटले, तसे बाबा नेहमीसारखे म्हणाले, "हळू म्हण गो. देवाक पण हिशोब समजाक व्हयो." मला सहार विमानतळावर सोडायला आलेल्या चर्चच्या सिस्टर चपला काढून दारात उभ्या होत्या. त्यांनीही हात जोडले होते.

आईने हातावर दही घातलं. म्हणाली, "मिळात ता खा, पण देव बदलू नुको."

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. घाटकोपरच्या एका गाळ्यात मी औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायचे. चर्चमागच्या खोलीत याच सिस्टर संध्याकाळी वर्ग घ्यायच्या. त्यांच्या जिवावर बाहेरून दहावी झाले, मग रात्रकॉलेज. गणितात पोरीला गती आहे, एवढ्यावर त्यांनी अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात माझ्यासाठी शब्द टाकला. फी माफ झाली, पण पहिली सेमिस्टर पास झाले तरच पुढचं बघू, असं होतं.

जे माझ्यासारखे दुसऱ्याच्या उपकारावर बाहेर पडले, त्यांना ही धाकधूक ठाऊक असेल. कॅफेटेरियात उकडलेला बटाटा गिळतानाही वाटायचं, आता कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल, चूक झाली बरं का, ही तर नववीतून उठलेली.

कॅल्क्युलसचा तास तिथे प्रार्थनेने सुरू व्हायचा. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने करायची, स्वतःच्या शब्दांत. माझी पाळी जवळ आली तशी माझी भूकच गेली. येशूचं नाव घेतलं तर आईचा शब्द मोडतो. नाही घेतलं, तर सिस्टरांनी टाकलेला शब्द खाली पडतो आणि मी परत गाळ्यात. कुणाला विचारायची छाती नव्हती.

त्या दिवशी उभी राहिले, डोळे मिटले. खिडकीबाहेर नुसता बर्फ. तोंडातून शुभंकरोतिच आलं. तिथे थांबायला हवं होतं, पण जिभेला सवय नव्हती थांबायची. दीडकी सुरू झाली. भानावर आले ती 'तीन दीडं साडेचार'वर. मान वर करायचा धीर होईना. वर्ग शांतपणे म्हणाला, "आमेन."

तास संपल्यावर आमच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी थांबवून घेतलं. देवाकडे काय मागितलंस, विचारलं. खोटं बोलवेना. म्हटलं, सर, आधीची प्रार्थना होती, पुढचा दीडचा पाढा. आमच्या घरी दोन्ही एकच समजतात.

"पुढच्या वेळी हळू म्हण," ते म्हणाले. "आम्हालाही समजू दे."

मी तिथेच रडायला लागले. बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, आपण फार लागट बोललो की काय. पुढच्या पाळीला मात्र मी पाढा फळ्यावर मांडला, आणि ती गोरी पोरं मोडक्या उच्चारांत माझ्यामागून दीडकी म्हणाली. आईला कळवलं, देव आहे तोच आहे.

सेमिस्टर निघाली, मागोमाग वर्षं निघाली. आता इथेच शिकवते. कांजूरमार्गची ती खोली राहिली नाही. तुम्ही भावंडं आईला घेऊन चारकोपला गेलात. घर झकास आहे, देवापुढे लाल बल्ब आहे. तो कधी विझतच नाही, म्हणून दिवे लावायची वेळही होत नाही. मागच्या खेपेला मी संध्याकाळी उगीच बसून राहिले. बाबा फोटोत. भाचरं ट्यूशनला गेलेली. आई म्हणाली, "काय गो, काय होया?"

तुमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा इथे सकाळ असते, माझा पहिला तास. मी डोळे मिटते. मुलांचं आमेन येईपर्यंत मी त्या खोलीत समईसमोर असते, आईच्या डाव्या हाताला, माझ्या जागेवर. दीडकी अजून हळूच म्हणते. भराभर म्हटली की खोली लवकर संपते.