मोलकरणीला भूतकाळ नसतो

आमच्या शाळेत दरवर्षी एक नाटक बसायचं आणि त्यात दरवर्षी एक मोलकरीण असायची. मोलकरीण नसली तर गडी. विषय पाणी वाचवण्याचा असो की मोबाइलच्या दुष्परिणामांचा, मंचावर एक सोफा असायचा, सोफ्यावर डॉक्टर किंवा वकील असायचे आणि मधूनमधून खांद्यावर फडकं टाकलेलं एक माणूस यायचं, काहीतरी पाडायचं, चुकीचं बोलायचं आणि जायचं. लोक पोट धरून हसायचे. सोलापूरसारख्या गावात, जिथं आईबाप मागावर, बिडीवर आणि शिलाईवर हयात घालवतात, तिथल्या शाळेला मंचावर राबणारं माणूस दिसलं की फक्त हसू यायचं. याला आमच्याकडे सांस्कृतिक कार्य म्हणत.

मी नववीत असताना ती मोलकरीण माझ्या वाट्याला आली.

नाटक बसवणारे सर इतिहास शिकवायचे. कधीकाळी त्यांनी पुण्यात एक नाट्यशिबिर केलं होतं आणि तेव्हापासून ते पुण्याहून परत आलेच नव्हते. बोलता बोलता डोळे मिटायचे, ‘भूमिका जगावी लागते’ म्हणायचे आणि डोळे उघडून मोबाइलवर आमचं चित्रण करायचे. नाटकही त्यांनीच लिहिलेलं, स्त्रीशिक्षणावर. एक डॉक्टरीणबाई आपल्या अडाणी मोलकरणीला सही करायला शिकवते. मोलकरीण पेन्सिल उलटी धरते, लोक हसतात. शेवटी सही जमते. बाई खूश होऊन तिला एक जुनी साडी देतात. मोलकरीण बाईंच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, ‘बाई, तुमी माज्यासाठी देव हाय.’ पडदा. आमच्या गल्लीत बचत गट चालवणाऱ्या बाया बँकेतल्या साहेबाला उभं-आडवं घेत होत्या, आणि सर अजून अंगठ्यावरच होते.

निवडीसाठी सरांनी सगळ्यांकडून उतारे वाचून घेतले. माझं वाचन स्वच्छ होतं. वडील चादरीच्या कारखान्यात कामाला होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांचे गठ्ठे खाटेखाली असायचे, उरलेले फळ्यांवर डब्यांखाली अंथरलेले असायचे. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. पाहुणे आले की बाकीच्यांच्या मुली कविता म्हणून दाखवायच्या, मी मागण्या वाचून दाखवायची. तेव्हा माझ्या उच्चारांना नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती.

वाचून झाल्यावर सर म्हणाले, ‘आवाज छान आहे. तू मोलकरीण कर. तुला ती भाषा शिकवावी लागणार नाही.’

मी त्यांच्यासमोर ती भाषा बोललेच नव्हते. त्यांनी ती माझ्या आडनावात ऐकली होती.

आणि गंमत अशी की दुसऱ्याच दिवसापासून ते मला ती भाषा शिकवू लागले.

‘म्हण, आवो धनीन, म्या न्हाई क्येलं जी!’

‘सर, धनीन असं कुणी म्हणत नाही.’

‘मग काय म्हणतात?’

‘बाई म्हणतात. नाहीतर मॅडम. आणि जी तर आमच्याकडं कुणीच लावत नाही.’

‘अगं, हे तुमच्या होटगीचं नाही, नाटकाचं ग्रामीण आहे. प्रेक्षकांना हेच लागतं.’

होटगी माझ्या आईचं माहेर. तिथं माझा मामा रेल्वेत आहे आणि त्याच्या तोंडून मी जन्मात ‘जी’ ऐकलेलं नाही. पण सरांना होटगी कळायची गरज नव्हती. त्यांनी ग्रामीण भाषा टीव्हीवरून घेतली होती, आणि ती मला, जी घरी रोज ‘हाय-न्हाय’ बोलते तिला, ते घोटून घोटून पाठ करायला लावत होते.

डॉक्टरीणबाई झालेली मुलगी संस्थेच्या सचिवांची पुतणी होती. तिची निवड वाचनाच्या आधीच झालेली होती. तालमीत ती माझ्याकडे कधी बघायची नाही, माझ्या डोक्याच्या जरा वर बघायची. सरांनी तिला तसं सांगितलं होतं की तिला तीच सवय होती, ते मला ठाऊक नव्हतं. समोर नुसती उभी असायची, म्हणून मी मनातल्या मनात तिला कपाट म्हणायची.

माझी खरी अडचण शेवटाची होती. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. थोरामोठ्यांच्या नाही, पाहुण्यांच्या नाही. आजोबांनी गाव सोडलं ते पाया पडण्याला कंटाळून, असं वडील सांगायचे. मी सरांना विचारलं, ‘सर, पाया न पडता शेवट नाही का करता येणार? ती हात जोडेल.’

‘तू पडतेस का पाया? भूमिका पडते.’ त्यांनी डोळे मिटले, उघडले. ‘आणि जमत नसेल तर आत्ताच सांग. आठवीतली एक मुलगी केव्हाची मागं लागली आहे.’

घरी वडील एका वाक्यात मोकळे झाले. ‘सोडून दे ते नाटक.’

त्यांना सोपं होतं. मला ते काम हवं होतं. लहानपणी मी वडिलांबरोबर कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटायला गेलेली होते. माणसं ती हातात घ्यायची, चार पावलं चालायची आणि न वाचता घडी करून खिशात टाकायची. कुणी त्यात शेंगदाणे बांधायचं. मंचावर मात्र लोक शेवटपर्यंत बघतात. पेन्सिल उलटी धरली तरी बघतात. शेवटपर्यंत बघणारी माणसं मला पहिल्यांदाच मिळणार होती, आणि त्यांची किंमत होती सचिवांच्या पुतणीच्या पायांवर डोकं.

तालमी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात चालायच्या. एक दिवस सरांनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, की आपापल्या भूमिकेचा भूतकाळ शोधा. ती कुठं जन्मली, तिला काय आवडतं, तिच्या मनात काय चाललंय. डॉक्टरीणबाईंच्या भूतकाळावर अर्धा तास गेला. त्या म्हणे गुपचूप सतार वाजवायच्या. मग घरातल्या आजोबांचा झाला, शेजाऱ्याचा झाला. माझी पाळी आली तेव्हा सर हसले. ‘मोलकरणीला भूतकाळ नसतो. तू ये, पाड, उचल, जा.’

सगळे हसले. नाटकातल्या सगळ्यांना नावं होती, माझ्या भूमिकेला तेवढं नाव नव्हतं. आता भूतकाळही नव्हता. मी ठरवलं, की तिला या सतारवाल्या बाईपेक्षा जास्त भूतकाळ देईन.

पहिल्यांदा मी जी मोलकरीण तयार केली ती थेट खाटेखालच्या गठ्ठ्यातून आलेली होती. ताठ मान, आवळलेली मूठ, डोळ्यांत अंगार. घरी आरशासमोर झाडू घेऊन मी तिची तालीम केली. वडिलांना ती फार आवडली. आई मशिनवर शाळेचे गणवेश शिवत होती. तिनं पाय थांबवून बघितलं आणि म्हणाली, ‘काय गं, झाडायलीस का भाषण द्यायलीस? कचरा हाय तितंच हाय की.’

मी रागावले, पण खरंच होता कचरा तिथंच. माझ्या मोलकरणीला अन्यायाबद्दल सगळं माहीत होतं आणि केर कुठं आहे ते दिसत नव्हतं. सरांची मोलकरीण हसवण्यासाठी होती, माझी टाळ्या घेण्यासाठी होती. दोघींनाही पोट नव्हतं.

मग एका रविवारी दारात बोहारीण आली. जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देणाऱ्या या बाया आमच्या गल्लीत नेहमी येतात. आईनं तीन साड्या काढल्या, एका झाकणाच्या डब्यासाठी. बोहारणीनं एकेक साडी उलगडली, उन्हाकडे धरली, दोन्ही हातांनी ताणली, पदराजवळ बोट घातलं. दोन ठेवल्या. तिसरी आईच्या अंगावर टाकली.

‘ही विरलीया. न्हाय चालत.’

‘अगं, एकदाच धुतलीया ती!’

‘कशानं धुतली, वीट लावून?’

दोघींची बराच वेळ जुंपली. शेवटी डबा मिळाला, झाकणाशिवाय. आई तिसरी साडी घडी करत सहज म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. गटार काढायला येती की ती, तिला दिऊन टाकू.’

मी उंबऱ्यातच बसून राहिले. मशिनवर पाठ मोडणारी माझी आई, पत्रकं लिहिणाऱ्याची बायको, तिनंही नाटकातल्या बाईंसारखंच केलं. आमच्याकडे धड जुनी साडी कुणी दान करत नाही. धड साडीचा डबा होतो. दानात जाते ती बोहारणीनं परत केलेली. हे सगळ्या गावाला माहीत आहे, घेणारीला तर सगळ्यात आधी, आणि सर तिला मंचावर कृतज्ञतेनं रडायला लावणार होते.

त्या दिवसापासून माझी मोलकरीण मला सापडत गेली. ती रागीट नव्हती, तिला रागावायला सवड नव्हती. तिला चार घरं करायची होती. ती बाईंचं बोलणं ऐकायची तेव्हा तिचं लक्ष ओट्यावर उतू जाणाऱ्या दुधाकडे असायचं. तिला सही येत होती, पण बाईंना शिकवायची हौस होती म्हणून ती पेन्सिल उलटी धरायची आणि तेवढा वेळ जमिनीवर बसून घ्यायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तालमीत सरांना हवं तसं करत राहिले. सर म्हणाले, ‘आता जमायला लागलं तुला.’ पाया पडण्याच्या जागी मी फक्त वाकायची, आणि ते सरांच्या मोबाइलला पुरायचं. स्पर्धेत काय करायचं ते माझं मलाच ठरत नव्हतं.

स्पर्धा शहरातल्याच एका सभागृहात होती. पुढं परीक्षक आणि मुख्याध्यापक, मागं आमच्या आयाबाया, कडेवर पोरं घेऊन. पहिली पंधरा मिनिटं सरांच्या मनासारखी गेली. कप पडला, हशा आला. पेन्सिल उलटी झाली, हशा आला, पण मी ऐसपैस मांडी घालून बसले तेव्हा मागच्या रांगांतून जरा वेगळं खिदळणं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, ‘लई हुशार हाय की बया!’

मग बाईंनी साडी पुढं केली. साडी बाई झालेल्या मुलीनंच घरून आणलेली होती, तालमीत आम्ही नुसती ओढणी वापरायचो. पिस्त्याच्या रंगाची, बारीक काठांची. बाईंनी माझ्या डोक्यावरून समोर बघितलं आणि रीतसर उजवा पाय थोडा पुढं केला. मी वाकायचं होतं.

मी साडी घेतली आणि उलगडली. माझ्या मोलकरणीनं साडी पारखल्याशिवाय घेतलीच नसती. दिव्याकडे धरली, ताणली, पदराजवळ बोट घातलं. बोट आरपार निघालं. हे मला अपेक्षित नव्हतं. मी त्या भोकातून बाईंकडे बघितलं आणि घरातल्या आवाजात म्हणाले, ‘बाई, बोहारणीनं घेतली न्हाय व्हय?’

मागच्या रांगा फुटल्या. तसं हसणं मी शाळेच्या नाटकाला कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतले लोक मागं वळून बघायला लागले. आणि त्या गोंधळात कपाट पहिल्यांदा माझ्याकडे बघत होतं, डोक्यावरून नाही, सरळ. तिचे कान लाल झाले होते. आता ती ‘वेडी आहेस का’ म्हणेल, नाहीतर रडत विंगेत पळेल, असं मला वाटलं.

ती हळूच म्हणाली, ‘नाही घेतली.’



‘मग ऱ्हाऊ द्या,’ मी म्हणाले. साडीची नीट घडी घातली, तिच्या हातात ठेवली, झाडू उचलला आणि निघून गेले. पडदा पडेना. पडदा ओढणारा मुलगा ‘देव हाय’ची वाट बघत दोरी धरून उभा होता. मंचावर डॉक्टरीणबाई एक पाय पुढं टाकून, साडी हातात घेऊन तशाच उभ्या.

विंगेत सरांनी माझा दंड धरला. ‘माझ्या नाटकाची वाट लावलीस. तू पुन्हा या शाळेच्या स्टेजवर दिसणार नाहीस.’ भूमिका जगावी लागते, हे त्या वेळी ते विसरले असावेत. परीक्षकांनी निकाल सांगताना मोलकरणीच्या भूमिकेत नम्रता कमी पडल्याचं खास सांगितलं. घरी वडिलांनी एकच विचारलं, ‘पाया पडलीस का?’ नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला आणि ते पुन्हा लिहायला बसले. नाटकात काय झालं, हे त्यांना विचारावंसंही वाटलं नाही. त्यांचं पत्रक न वाचता खिशात टाकणाऱ्यांपेक्षा ते काही वेगळे निघाले नाहीत.

सरांनी शब्द पाळला. स्नेहसंमेलनात तेच नाटक झालं, डॉक्टरीणबाई तीच आणि मोलकरीण झाली ती आठवीतली. मी मागं सतरंजीवर बसून बघितलं. तिनं ‘जी’ लावला, पेन्सिल उलटी धरली, साडी न उलगडता छातीशी कवटाळली आणि पायांवर असं डोकं ठेवलं, की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी डोळे पुसले. या वेळी साडी कोरी होती, सरांनी दुकानातून आणवलेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नळावर मी बाटली भरत होते. सचिवांची पुतणी शेजारी येऊन उभी राहिली.

‘ती साडी खरंच परत केली होती बोहारणीनं,’ ती म्हणाली. ‘म्हणून आईनं नाटकाला दिली. तुला कसं कळलं?’

‘मला नव्हतं माहीत.’

तिनं नळ सोडला, बंद केला. ‘त्या दिवशी मला खरंच लाज वाटली होती. काल नाटक झाल्यावर सर मला म्हणाले, की माझ्या चेहऱ्यावर भावच आले नाहीत. कोऱ्या साडीनं कुठून येणार?’

मी बाजूला सरकले आणि तिनं आपली बाटली नळाखाली धरली.