भाऊची पेनल्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मंगलाला नाही, मुलीला नाही, देवासमोर बसूनसुद्धा नाही. देवाला सांगायचं म्हणजे हात जोडावे लागतात, आणि हात जोडले की मला माझी बोटं दिसतात. दहाच्या दहा सरळ. बोटांचं काय, ते पुढं येईलच. मला सुरुवातीला जरा आडवळणानं जावं लागणार आहे – सरळ बोलायची सवय मोडून फार वर्षं झाली.

आमच्या जळगावच्या घरात, समोरच्या खोलीत, एक फोटो आहे. पाहुणा सोफ्यावर टेकला की त्याची नजर आधी तिथंच जाते. फोटोत मी दोन्ही हातांनी एक मोठा चकचकीत कप डोक्यावर धरून उभा आहे. शेजारी स्वेटरवरून पदर घेतलेली मंगला, माझा मेहुणा विजय, आणि अकरा-बारा वर्षांची आमची सोनल. मागं रिकाम्या खुर्च्यांची रांगेवर रांग. लंडनचं वेम्बली, फुटबॉलचं ते जगप्रसिद्ध मैदान. पाहुणा विचारतो, हे काय? मंगला सांगते, "हे गोलकीपर होते ना!" मी नुसता हसतो आणि चहाचं काय झालं म्हणून आत बघतो. तेव्हा मी फार नम्र दिसतो म्हणे.

मी आयुष्यात एकदाही गोलमध्ये उभा राहिलेलो नाही.

झालं, अर्धं सांगून झालं. पण हे सोपं अर्धं. थापा कोण मारत नाही? लग्नाच्या बाजारात तर सगळेच मारतात. उरलेलं अर्धं मात्र शेवटाला ठेवतो.

गोलकीपर होता माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला भाऊच म्हणायचो. वडील लवकर गेले, तेव्हा घरची थोडी केळी, आई आणि मी – सगळं त्याच्या अंगावर पडलं. तो वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागला. फॅक्टरीत तेव्हा कुठून कुठून आलेली माणसं होती, केरळची, बंगालची. संध्याकाळी ती मुरमाच्या मैदानावर फुटबॉल खेळायची. आमच्या गावात कबड्डी खेळायचे; फुटबॉल म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊ आधी नुसता बाहेर गेलेला बॉल आणून द्यायचा. मग कुणीतरी त्याची उंची पाहिली आणि त्याला गोलमध्ये उभं केलं. अनवाणी, मोकळ्या हातांनी.

मी शाळकरी पोर. भाऊच्या चपला आणि सदरा सांभाळत गोलच्या मागं उभा राहायचो. हे लक्षात ठेवा, चपला मी सांभाळायचो.

एकदा भुसावळला मोठा सामना होता. शेवटच्या क्षणी भाऊच्या टीमवर पेनल्टी आली. मी गोलमागं डोळे मिटून घेतले होते – खरं सांगायचं तर मी ती पेनल्टी पाहिलीसुद्धा नाही. थाडकन आवाज आला, मग आरडाओरडा, आणि डोळे उघडले तेव्हा भाऊ लोकांच्या खांद्यावर होता. त्याच्या डाव्या हाताची करंगळी मोडली होती. रुमालानं बांधून तो दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला. ती वाकडीच जुळली, पुन्हा कधी मिटली नाही.

ती गोष्ट भाऊ अंगणात खाटेवर बसून सांगायचा. घरी त्याला कशाचंच कौतुक नव्हतं, स्वतःचं तर नाहीच. पण ही एक गोष्ट सांगताना तो उठून उभा राहायचा. "बॉलकडं नही पाहाचं. मारनाऱ्याच्या डोळ्याकडं बी नही. ज्या पायावर तो उभा राहातो ना, त्या पायाकडं पाहाचं." वहिनी चुलीपाशी बसून हसायची. तिनं ती गोष्ट पन्नासदा ऐकली असेल, तरी प्रत्येक वेळी भाकरी तव्यावर करपू द्यायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यांच्या घरात ती गोष्टच काय ती होती.

मग माझ्यासाठी धुळ्याचं स्थळ आलं.

मी बी.कॉम. झालेलो, नोकरी नाही, अंगानं काडी. भाऊनं फॅक्टरीतून रजा घेतली आणि आम्ही दोघं एसटीनं मुलगी बघायला गेलो. पोहे झाले, मुलीला जुजबी प्रश्न झाले. मुलीचा भाऊ विजय तेव्हा इंजिनिअर होऊन परदेशी जायच्या तयारीत होता. फुटबॉलचं वेड असलेला, टापटीप, आमच्या चपलांकडं बघून न बघितल्यासारखं करणारा. त्यानं मला विचारलं, तुम्ही काही खेळता का? त्या खोलीत त्या क्षणी माझ्यापाशी दाखवण्यासारखं काहीच नव्हतं हो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं – फुटबॉल. गोलकीपर होतो.

तिथंच थांबलो असतो तर? नाही थांबलो. विजयचे डोळे चमकले आणि मला चेव चढला. मी भुसावळचा सामना सांगितला. पेनल्टी सांगितली. कोणत्या पायाकडं बघायचं तेसुद्धा सांगितलं. आणि भाऊ माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसला होता.

त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. सासरेबुवांनी सहज त्याला विचारलं, "आनी भाऊ, तुम्ही काय खेळतस?" भाऊनं मांडीवरच्या टोपीखाली डावा हात सरकवला. "मी कुठचा! मी तं नुसता पाह्याले जायचो."

आई तोवर गेली होती, मुलाकडचा वडीलधारा तोच होता. त्यानं मला तिथं खोटं पाडलं असतं तर स्थळ मोडलं असतं, आणि स्थळ मोडणं म्हणजे त्याच्या हातून माझं नुकसान. ते तो कसं करेल? मला हे ठाऊक होतं. बोलतानाच ठाऊक होतं. परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला, "पोरगी चांगली हाये." मला वाटलं, सुटलो.

त्या दिवसानंतर भाऊनं ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. सांगणार कशी? मंगला घरात आली होती. पुढं सोनल झाली, त्याच्या मांडीवर खेळायला लागली, आणि एकदा तिनं त्याची करंगळी धरून विचारलं की हे असं कशानं झालं. भाऊ म्हणाला, मशीनीत सापडलं. वहिनी ताट घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वरणात भात कालवत राहिलो.

पुढं ठिबकच्या पाइपांचं माझं दुकान चांगलं चाललं, आम्ही जळगावला घर बांधलं. नव्वदनंतरची ती वर्षं. विजयनं लंडनहून सगळ्यांना बोलावलं. भाऊ नाहीच म्हणत होता, केळीचं कोण बघेल, गुरांचं कोण करेल. पण विजय फोनवर म्हणाला की वेम्बली दाखवतो, आणि भाऊनं वहिनीकडं पाहिलं. वहिनी म्हणाली, तुम्ही जा, गुरं मी पाहते. निघायच्या दिवशी तिनं मला ओसरीवर गाठलं. माझ्याशी ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. हळूच म्हणाली, "भाऊजी, तठी गेल्यावर तरी त्याहिचं त्याहिले देजा."

मी हो म्हणालो. तिच्या डोळ्यांत बघून हो म्हणालो. आणि विश्वास ठेवा – किंवा नका ठेवू – तेव्हा मला भाऊची गोष्ट भाऊला खरंच परत द्यायची होती.

मैदान पाहायला तिकीट काढून पन्नासेक माणसं आली होती. एक म्हातारा इंग्रज सगळं दाखवत होता. खेळाडूंची कपडे बदलायची खोली, अंघोळीचे हौद, मग एक बोगदा. बोगद्यातून निघताना ते लोक टेपवर गर्दीचा आवाज लावतात. लाखभर माणसं आपल्यालाच हाका मारतायत असं वाटतं. भाऊ माझ्या पुढं चालत होता. विजयचा जुना कोट, खाली धोतर, डोक्यावर टोपी. आवाज सुरू झाला तसा तो थबकला, टोपी काढून हातात घेतली आणि मग चालायला लागला. उजेडात आल्यावर समोर ते हिरवंगार मैदान आणि पलीकडं गोल. तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दिल्या, गोल तेवढाच हाये. आपल्या इतकाच." त्याचे डोळे भरले होते. आम्ही दोघंच होतो. मंगला आणि विजय मागं होते. तेव्हा मला बोलता आलं असतं. त्यांना हाक मारून, भाऊच्या खांद्यावर हात ठेवून, एका वाक्यात. काय गेलं असतं माझं? विजय हसला असता. मंगला दोन दिवस फुगून बसली असती. बस.

मी म्हणालो, "हो ना."

मग म्हाताऱ्यानं विचारलं, तुमच्यात कुणी कधी खेळलेलं आहे का? आणि आमच्या सोनलनं हात वर केला. इंग्रजी शाळेतली पोर, खणखणीत आवाजात म्हणाली – माझे बाबा, गोलकीपर होते, भारतात, एका फायनलमध्ये त्यांनी पेनल्टी अडवली होती. लोक वळून माझ्याकडं बघायला लागले. म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. मग टाळ्या. मी भाऊकडं पाहिलं – पाहायला नको होतं. तोही टाळ्या वाजवत होता. वाकडी करंगळी बाहेर ठेवून, मनापासून.

त्या लोकांनी मला विजेते चढतात त्या पायऱ्यांवरून वर नेलं, पाहुण्यांसाठी ठेवलेला कप हातात दिला, टेप पुन्हा लावली. विजय म्हणाला, सगळे या फोटोत! आणि कॅमेरा भाऊच्या हातात देऊन म्हणाला, भाऊ, एवढं बटण दाबा फक्त. भाऊनं जन्मात कॅमेरा धरला नव्हता. खाली उभा राहून, एक डोळा मिटून, त्यानं तो फोटो काढला. आणि मी कप उचलला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. चांगला डोक्याच्या वर उचलला.

जळगावला आल्यावर फोटो धुऊन आले, तर त्या फोटोच्या कोपऱ्यात एक तपकिरी धब्बा. भाऊची करंगळी. कॅमेरा धरताना ती मिटली नव्हती, भिंगापुढं आली होती. मोठा करायला टाकला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, साहेब, कोपऱ्यात बोट आलंय, कापू का? मी म्हणालो, काप.

वहिनी तो फोटो पाहायला आली होती. फ्रेमसमोर उभी राहिली. "कोनं काढला?" मी म्हणालो, भाऊनं. ती "बरं" म्हणाली आणि मंगलाला मदत करायला आत गेली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत भाऊ गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. शेवटची अंघोळ घालताना त्याचा डावा हात माझ्या हातात होता. मी ती करंगळी सरळ करून पाहिली. नाही झाली.

आणि आता ते उरलेलं अर्धं. गावात शोकसभा झाली. मारुतीच्या पारापुढं सतरंज्या टाकल्या होत्या, फॅक्टरीतले काही लोक आले होते, पण सगळे अलीकडच्या भरतीचे. जुने केरळी, बंगाली केव्हाच आपापल्या मुलखात गेले होते. माझ्या हातात माइक दिला. भाऊ नव्हता आता, त्याला लाज वाटायचा प्रश्न नव्हता. माझं लग्न मोडणार नव्हतं. मला कसलीही भीती नव्हती, ऐकताय ना? कसलीही नाही. आणि मी रडत रडत म्हणालो – भाऊ माझ्या प्रत्येक मॅचला यायचा. गोलच्या मागं उभा राहायचा, माझ्या चपला सांभाळत.

लोकांनी डोळे पुसले. बायकांमध्ये पुढंच बसलेली वहिनी उठली. पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या देखत घराकडं चालत गेली. लोकांना वाटलं, दुःख सहन झालं नाही.

त्यानंतरही मी गावी जायचो. ती पाणी द्यायची, चहा द्यायची, जेवायला वाढायची. भाऊजी म्हणून मात्र तिनं मला पुन्हा कधी हाक मारली नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. आता ती पेनल्टी कुणी अडवली हे माहीत असलेला माणूस मी एकटाच.

सोनल पुण्याला असते. तिची मुलगी शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आहे, आजोबांवर गेलीय म्हणतात सगळे. काल नातीचा फोन आला होता. उद्या मॅच आहे म्हणाली, आजोबा, पेनल्टी आली तर काय करू? तुम्ही कशी अडवली होती, पुन्हा सांगा ना.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आणि सांगितलं – बॉलकडं नाही बघायचं, मारणारीच्या डोळ्यांकडंही नाही. ज्या पायावर ती उभी राहते, त्या पायाकडं बघायचं.