गेमच्या मशीनला गिझरचा स्विच

आमच्या ह्यांना साइटवरची माणसं 'मेन स्विच' म्हणतात. घरांच्या वायरिंगमध्ये ह्यांचा हात धरणारं कोणी नाही, हे एक कारण. हे बिनसले की आसपासचं सगळंच बंद पडतं, हे दुसरं. कशावरून बिनसलं ते मला आताशा विचारावंही लागत नाही. निम्म्या वेळा कारण एकच असतं, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

ह्यांचा हा साडू कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव 'माउस'. तो येण्याआधी माझ्या वडिलांकडे दिवा लुकलुकला, पंखा कुरकुरला की फोन ह्यांनाच यायचा. हे भरल्या ताटावरून उठायचे आणि "सासऱ्यांचं माझ्यावाचून पानच हलत नाही" म्हणून कुरकुरायचे. ती कुरकुर नव्हती, मिरवणं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग धाकटी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडेच राहायला आली. बाबांचा मोबाइल, टीव्ही सगळं तिच्या नवऱ्याकडे गेलं. हळूहळू पंखासुद्धा गेला. पंखा गेला त्या दिवशी हे जेवले नाहीत.

बाबांचं एके काळी थिएटरशेजारी गेम पार्लर होतं. ते बंद झालं तेव्हा बाकीची मशिनं भंगारात गेली, एक तेवढं बाबांनी घरी आणलं. खाटेशेजारी कपाटासारखं उभं असतं, समोर पडदा आणि त्याखाली दांडी आणि रंगीत बटणं. मध्यंतरी आतला बोर्ड जळाला. माउसने त्या जागी एक जुना कॉम्प्युटर बसवला आणि सगळे गेम परत चालू करून दिले. तेव्हापासून बाबा येईल त्याला सांगायचे, धाकट्या जावयाने माझं मशीन जिवंत केलं. हे ऐकलं की ह्यांच्या पोटात दुखायचं. खरोखरचं दुखायचं, घरी येऊन गोळी मागायचे.

एक अडचण राहिली होती. कॉम्प्युटर चालू करायचं बटण मशीनच्या पोटात होतं. दर वेळी बाबांनी मागे जायचं, वाकून दार उघडायचं आणि आत हात घालायचा, आणि त्यांची कंबर तर कायमची धरलेली. माउस म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात बटण बाहेर काढून देतो. पण बाबांना कुठला धीर! स्विचचं काम म्हणजे थोरल्यांचं, असं म्हणून त्यांनी सरळ ह्यांना फोन लावला.

फोन ठेवून हे आरशासमोर उभे राहिले आणि केस विंचरायला लागले. कुठे निघालात नटून, असं मी विचारलं.

"बाबांनी बोलावलंय," हे म्हणाले. "मला."

मीही सोबत गेले, ही मजा चुकवायची नव्हती. ह्यांनी मशीनचं मागचं दार उघडलं, टॉर्च मारला आणि नाक मुरडलं. आतल्या बटणापासून कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत दोऱ्यासारख्या दोन बारीक वायरी गेल्या होत्या. एवढं मोठं मशीन असल्या वायरींवर चालवतात का, उद्या घर पेटलं म्हणजे कळेल, असं ठणकावून त्यांनी त्या उपटल्या. पिशवीतून जाड वायर काढून बोर्डावर त्याच जागी जोडली, आणि तिच्या टोकाला गिझरला लावतात तो भलामोठा स्विच मशीनच्या बाजूला, बाबांचा हात बसल्या बसल्या पोचेल अशा उंचीवर बसवला. माणूस कसाही असो, काम देखणं करतो. बाबांनी स्विचवरून हात फिरवला आणि याला म्हणतात काम, असं म्हणाले. ह्यांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा खुलला होता.

बाबांनी स्विच लावला. पडदा उजळला, आतला पंखा फिरायला लागला, आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसतोय तोवर सगळं विझलं. पुन्हा बंद करून लावला, पुन्हा तेच. ह्यांचा चेहरा उतरला. मग कॉम्प्युटरच भिकार आहे, असं जाहीर करून टाकलं. उद्या येऊन बघतो, पण त्या धाकट्याला बोलवू नका, असंही बजावलं. बाबा बरं म्हणाले.

मग रोज संध्याकाळी साइटवरून परस्पर बाबांकडे. वायर बदलली, आणखी जाड घातली. स्विच बदलला, त्याहून मोठा आणला. मशीन आपलं उजळायचं आणि विझायचं. बाबा खाटेवर बसून चहा पाजायचे आणि पार्लरच्या जुन्या गोष्टी सांगायचे. हे घरी येऊन त्या मला सांगत, आणि मध्येच थांबून विचारत, माउस तिकडे फिरकला होता का, धाकटीला सहज विचारून बघ ना. त्याचंच मशीन आहे तर त्यालाच विचारा की, असं मी एकदा म्हणून पाहिलं. ह्यांनी ताट सरकवलं. त्याला विचारण्यापेक्षा धंदा सोडीन, म्हणाले. तेव्हा माझंही डोकं फिरलं. खरं सांगायचं तर धाकटीचा हेवा मलाही वाटतो. तिच्या घरात ताटं सरकवली जात नाहीत.

एक दिवस साइटवर माल आला नाही म्हणून काम लवकर सुटलं आणि हे भर दुपारीच बाबांकडे पोचले. जिन्यातच आवाज ऐकू आला, गोळीबाराचा आणि धडामधुडूमचा. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा स्टुलावर बसून दांडी पिळत होते, आणि मशीन झकास चालू होतं.

बाबांनी लपवाछपवी केली नाही. मशीन बंद केलं आणि ह्यांच्यासमोर पुन्हा चालू करून दाखवलं. स्विच लावला आणि लगेच बंद केला, एवढंच. पडदा उजळला तो उजळलेलाच राहिला. या स्विचमधून मशीनची वीज जातच नाही, तो आत नुसती वर्दी देतो, बेलच्या बटणासारखा. दाबायचा आणि सोडायचा. दाबूनच धरला तर कॉम्प्युटरला वाटतं, बंद व्हायला सांगताहेत. निम्म्या गावाच्या दारांवर बेलची बटणं ह्यांनीच बसवली आहेत.

ह्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "हे तुम्हाला कळलं कधी?"

"तुम्ही बसवून गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. धाकटे आले होते," बाबा म्हणाले. "त्यांनीच दाखवलं. म्हणाले, थोरल्यांनी एवढं छान बसवलंय, काढायला नको. तुम्ही असं चालवा. आणि त्यांना हे सांगू नका, त्यांचं त्यांना सापडेल."

"आणि मी रोज इथे येऊन वायरी सोलतोय!"

"येत होतात ना रोज," बाबा म्हणाले. "सांगितलं असतं तर आला असतात?"

हे सगळं ह्यांनी मला घरी येऊन सांगितलं, आवाज जराही न चढवता. आता माउसचा उद्धार होणार म्हणून मी वाट बघत होते, पण तो काही झाला नाही. मग मीच समजूत घातली. म्हटलं, बाबांना तुम्ही हवे होतात, स्विच नको होता. जन्मभर तुम्हाला हेच तर हवं होतं. ते ह्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. येताना दुकानातून बेलचं एक बटण आणलं होतं, ते हातात घेऊन नुसतं दाबत आणि सोडत बसले होते.

"मला नसतं सुचलं असं," शेवटी म्हणाले.

"बेलचं ना? नाही सुचत एखादे वेळी," मी म्हटलं.

"बेलचं नाही गं," हे म्हणाले. "माझ्या जागी तो चुकला असता, तर मी गावभर सांगत फिरलो असतो."